विमा प्रतिनिधींसाठी ऑनलाइन सेवा : रचना कोणाची, हित कोणाचे?

(बंगळुरू येथील मराठीभाषक साथींच्या अभ्यासवर्गासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सप्टेंबर २०२४ मध्ये बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत मुख्यालय असलेल्या इन्फोसिस कंपनीने एक घोषणा केली. भारतीय आयुर्विमा महामंडळाने ‘डाइव्ह’ या नावाने जो डिजिटल परिवर्तनाचा कार्यक्रम हाती घेतला आहे, त्यासाठी नवे संगणकीय व्यासपीठ उभारण्याचे काम तिच्याकडे सोपविण्यात आले होते. ग्राहकांसाठी ॲप, विक्री करणाऱ्यांसाठी ॲप, पोर्टल आणि ‘डिजिटल शाखा’ असा त्या कामाचा विस्तार सांगण्यात आला. ही बातमी व्यापार-उदिमाच्या पानावर छापली गेली आणि तेथेच राहिली. ज्या सुमारे १४ लाख विमा प्रतिनिधींच्या हाती हे ॲप पडणार, आणि ज्या कोट्यवधी विमेदारांचे हप्ते त्यातून वाहणार, त्यांच्या दृष्टीने या बातमीचा अर्थ काय, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

पडद्यावर कोणते बटण कोठे असावे, कोणती यादी कोणास दिसावी, हा अभियंत्यांचा प्रश्न आहे असे वाटणे साहजिक आहे. परंतु एका विणकराने किती माग चालवावेत हा प्रश्नदेखील मालकांनी एके काळी निव्वळ यांत्रिक प्रश्न म्हणूनच मांडला होता. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२८ च्या प्रदीर्घ संपात दाखवून दिले की, यंत्राची मांडणी म्हणजे श्रमाची मांडणी असते, आणि श्रमाची मांडणी म्हणजे उत्पन्नाची वाटणी असते. विम्याच्या ॲपलाही हाच नियम लागू पडतो.

एजंट आणि ब्रोकर

प्रथम शब्दांचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. व्यवहारात एजंट, ब्रोकर, दलाल हे शब्द सरमिसळ वापरले जातात. कायद्याच्या दृष्टीने त्यांत मूलभूत फरक आहे. एजंट हा विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो. तो कंपनीच्या वतीने विमा विकतो. ब्रोकर हा ग्राहकाचा प्रतिनिधी मानला जातो. अनेक कंपन्यांच्या विम्यांतून ग्राहकास योग्य तो निवडून देणे हे त्याचे कर्तव्य असते. मात्र ग्राहकाच्या वतीने काम करणाऱ्या या ब्रोकरला मोबदला मिळतो तो बहुतांशी विमा कंपनीकडून. या विसंगतीतून बरेच काही उद्भवते.

भारतात ब्रोकरांसाठी नियमावली आली ती २००२ साली, म्हणजे १९९९ च्या कायद्याने विमा क्षेत्र खासगी भांडवलास खुले झाल्यानंतर. पुढे २०१५ साली ‘पॉइंट ऑफ सेल्स पर्सन’ नावाचा आणखी एक वर्ग निर्माण करण्यात आला. दहावी उत्तीर्ण व्यक्तीने पंधरा तासांचे प्रशिक्षण घ्यावे, परीक्षा द्यावी आणि साध्या, ठरावीक स्वरूपाच्या पॉलिसी विकाव्यात, अशी ही योजना होती. विमा कंपनी किंवा ब्रोकर कंपनी मोबाइलच्या साहाय्याने अशा हजारो व्यक्तींना एका सूत्रात बांधू शकते. २०१९ साली ब्रोकर व इतर मध्यस्थ कंपन्यांत १०० टक्के विदेशी भांडवलास मुभा देण्यात आली. खुद्द विमा कंपन्यांतील विदेशी भांडवलाची मर्यादा २६ टक्क्यांवरून २०१५ साली ४९, २०२१ साली ७४ टक्के झाली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ती १०० टक्क्यांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. मध्यस्थांच्या बाबतीत हे दार सहा वर्षे आधी उघडले गेले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ग्राहकापर्यंत पोहोचण्याचा रस्ता ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात अखेर बाजार, हे भांडवलाला नीट उमगलेले आहे.

राष्ट्रीयीकरणाचा वारसा

१९५६ पूर्वी देशात दोनशेहून अधिक आयुर्विमा संस्था होत्या. त्यांतील काहींनी विमेदारांचा पैसा आपल्या मालकांच्या इतर उद्योगांत वळविला, अनेक बुडाल्या. दालमिया समूहाच्या भारत इन्शुरन्स कंपनीतील व्यवहार फिरोज गांधी यांनी संसदेत उघडकीस आणले. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला. तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी त्या रात्री आकाशवाणीवरून राष्ट्राला त्याची माहिती दिली. १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ संस्थांचे विलीनीकरण होऊन पाच कोटी रुपयांच्या भांडवलावर महामंडळ उभे राहिले. १९७३ च्या आरंभी सर्वसाधारण विम्याचेही राष्ट्रीयीकरण होऊन १०७ कंपन्यांचे चार सरकारी कंपन्यांत एकत्रीकरण झाले. या मागणीसाठी अखिल भारतीय विमा कर्मचारी संघटना १९५१ साली मुंबईत आपल्या स्थापनेपासूनच झगडत होती.

राष्ट्रीयीकरणाचा हेतू विमा खेड्यापाड्यांत आणि कष्टकऱ्यांच्या घरांत नेणे हा होता. ते काम प्रत्यक्षात कोणी केले? सायकलवर, एसटीने, पुढे दुचाकीवर हिंडणाऱ्या एजंटाने. तो शिक्षक असे, पोस्टातला निवृत्त कारकून असे, शेतकऱ्याचा पदवीधर पण बेकार मुलगा असे. त्याच्या वहीत कोणाचा हप्ता कधी, कोणाच्या मुलीचे लग्न कधी, कोणाचे पीक कधी हाती येणार, हे सारे टिपलेले असे. ती वही हेच महामंडळाचे खरे ‘नेटवर्क’ होते. आज महामंडळाच्या २,०४८ शाखा आहेत आणि त्याच्या व्यवस्थापनाखालील मालमत्ता मार्च २०२५ अखेर ५४ लाख कोटी रुपयांहून अधिक होती. या डोंगराच्या पायथ्याशी ती साधी वही आहे.

या जाळ्याची ताकद किती आहे, याचा दाखला महामंडळाने स्वतःच दिला. २० जानेवारी २०२५ रोजी, २४ तासांत, ४,५२,८३९ एजंटांनी ५,८८,१०७ पॉलिसी विकल्या आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. एका दिवसात एवढे काम ॲपशिवाय होणे अशक्य होते. परंतु ॲपने एकट्याने ते केले असते काय? विमेदाराच्या घरात ज्याला पाणी विचारले जाते, अशा माणसानेच ते केले. मात्र विक्रमाच्या आनंदात दुसरा प्रश्न झाकून टाकता कामा नये. त्या दिवशी उतरविलेल्या पॉलिसींपैकी तिसऱ्या, पाचव्या वर्षी जिवंत किती राहतील? विमेदाराचे हित पॉलिसी विकली जाण्यात नसून ती चालू राहण्यात आहे. या एका वाक्यात ऑनलाइन सेवेच्या रचनेची खरी कसोटी सामावलेली आहे.

यंत्राचा प्रश्न

विमा कर्मचारी चळवळ ही यंत्रविरोधी आहे, असा आरोप जुना आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या इलाको हाऊसमध्ये संगणक बसविला जाऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस पहारा दिला, हे सत्य आहे. परंतु त्या लढ्याचा गाभा काय होता? बेकारी शिगेला पोहोचलेली असताना, नोकऱ्यांची हमी न देता आणि कामगारांना न विचारता यंत्र आणण्यास तो विरोध होता. या आंदोलनांमुळे स्वयंचलनाचा प्रश्न सरकारला गांभीर्याने घ्यावा लागला, अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. पुढे महामंडळाच्या शाखांतून संगणक आले. हप्त्याची पावती कोणत्याही शाखेत मिळू लागली. कर्मचाऱ्यांनीच ते यंत्र चालविले आणि विमेदाराची सोय झाली.

तात्पर्य, प्रश्न यंत्र हवे की नको हा नाही. यंत्राची रचना कोण करतो, कोणास विचारून करतो, आणि त्यातून वाचलेला वेळ व पैसा कोणाच्या वाट्याला जातो, हा प्रश्न आहे. १९६८ मध्ये तो शाखेतील कारकुनापुढे होता. आज तो एजंटापुढे उभा आहे. फरक इतकाच की कारकुनापाशी संघटना, करार आणि सेवाशर्ती होत्या. एजंट कायद्याने कर्मचारीच नाही.

बंगळुरूतील दोन वाटा

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी बंगळुरूइतके योग्य शहर दुसरे नाही, कारण येथे दोन वाटा शेजारी शेजारी दिसतात.

पहिली वाट नव्या खासगी कंपन्यांची. डिजिट आणि ॲको या दोन सर्वसाधारण विमा कंपन्यांचा कारभार या शहरातून चालतो. त्यांपैकी डिजिटचे नोंदणीकृत कार्यालय पुण्यात, कॅनडातील फेअरफॅक्स समूहाचे भांडवल तिच्या पाठीशी, आणि मे २०२४ पासून तिचे समभाग बाजारात आहेत. डिजिटचा मोठा व्यवसाय ब्रोकर, एजंट आणि पॉइंट ऑफ सेल्स व्यक्ती यांच्यामार्फत येतो. ॲकोने ग्राहकास थेट ऑनलाइन विकण्यावर आरंभापासून भर दिला. म्हणजे एकीकडे मध्यस्थाला ॲपने बांधून घेणे, दुसरीकडे मध्यस्थच वगळणे. उत्तरेत, गुरुग्राममध्ये, २००८ साली स्थापन झालेल्या पॉलिसीबझारने तिसरा प्रकार दाखविला : प्रथम तुलना करणारे संकेतस्थळ आणि २०२१ पासून स्वतःच ब्रोकर. या तिन्ही प्रकारांत नफ्याचे सूत्र एकच, ग्राहकाच्या माहितीवर ताबा.

दुसरी वाट सार्वजनिक क्षेत्राची. महामंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये ‘आनंदा’ हे ॲप एजंटांसाठी सुरू केले. कागदाशिवाय, आधारवर आधारित ओळख पटवून, प्रस्ताव भरण्याची ती सोय होती. महामारीच्या काळात घराबाहेर पडणे धोक्याचे असताना अनेक एजंटांचा चरितार्थ तिने सावरला, हे मान्य केले पाहिजे. आता ‘डाइव्ह’ त्यापुढचे पाऊल टाकू पाहत आहे. येथे मालक नफेखोर मक्तेदार नसून, २०२२ च्या समभागविक्रीनंतरही ९६.५ टक्के मालकी असलेले सरकार आहे. म्हणूनच येथे वेगळी रचना शक्य आहे आणि ती मागण्याचा जनतेला अधिकार आहे. सार्वजनिक पैशाने उभारलेले व्यासपीठ जर खासगी ॲपची हुबेहूब नक्कल निघाले, तर राष्ट्रीयीकरणाचा अर्थच नाहीसा होईल.

रचनेत दडलेले निर्णय

विमा प्रतिनिधीच्या ॲपमध्ये वरकरणी तांत्रिक वाटणारे निर्णय प्रत्यक्षात कोणते असतात, ते एकेक तपासणे उपयुक्त ठरेल.

पहिला निर्णय ग्राहक कोणाच्या नावे नोंदला जातो हा. एजंटाने दोन वर्षे घरी खेपा घालून कुटुंबाचे मन वळविले, आणि अखेर मुलाने कंपनीच्या संकेतस्थळावरून पॉलिसी घेतली, तर श्रम कोणाचे धरावयाचे? संकेतस्थळ त्याला ‘थेट विक्री’ म्हणते. एजंटाचा वाटा मागाहून नोंदविण्याची सोय ठेवणे अभियंत्याला मुळीच अवघड नाही. ती ठेवावी की नाही हा मात्र व्यवस्थापनाचा निर्णय असतो.

दुसरा निर्णय पडद्यावर प्रथम काय दिसते हा. सकाळी ॲप उघडताच जर या महिन्याचे लक्ष्य, शाखेतील क्रमांक आणि स्पर्धेची बक्षिसे दिसली, तर एजंट नव्या विक्रीच्या मागे धावणार. त्याऐवजी जर या आठवड्यात कोणाचा हप्ता थकत आहे, कोणाची पॉलिसी बंद पडण्याच्या बेतात आहे, कोणाच्या वारसदाराचे नाव भरलेले नाही, ही यादी प्रथम दिसली, तर तोच एजंट विमेदाराच्या दारात उभा राहील. माणूस तोच, ॲप तेच. यादीचा क्रम बदलला की कामाचा अर्थ बदलतो.

तिसरा निर्णय भाषेचा आणि जोडणीचा. गडचिरोलीत, मेळघाटात किंवा कर्नाटकाच्या उत्तर भागातील एखाद्या वाडीत पडदा अर्ध्यावर फिरत राहतो, ओटीपी येत नाही, आणि विमेदाराची मजुरीची वेळ निघून जाते. प्रस्ताव जोडणीशिवाय भरून ठेवता यावा आणि रेंज मिळताच पुढे जावा, ही सोय चैनीची नव्हे. पॉलिसीच्या अटी, विशेषतः काय मिळणार नाही त्या अटी, मराठीत आणि कन्नडमध्ये, विमेदाराने स्वतः वाचून किंवा ऐकून मगच संमती द्यावी, अशी व्यवस्था नसेल तर संमती हा केवळ अंगठ्याचा नवा अवतार ठरतो. मेळघाटातील अंगठाबहाद्दर म्हणून हिणविला गेलेला शेतमजूर सावकाराच्या कागदावर अंगठा उठवीत असे; आज त्याचाच अंगठा यंत्रावर ठेवला जातो.

चौथा निर्णय हिशोबाचा. कोणत्या पॉलिसीवर किती कमिशन, कोणत्या कारणाने किती कापले, कोणाच्या पॉलिसीची मुदत कधी संपली, याचा खुला व समजेल असा ताळेबंद एजंटाला मिळतो की बँक खात्यात केवळ एक आकडा जमा होतो? जो स्वतःच्या मजुरीचा हिशोब तपासू शकत नाही, तो मजुरीसाठी भांडूही शकत नाही.

पाचवा निर्णय देखरेखीचा. ॲप एजंटाचे ठिकाण टिपते काय? त्याच्या भेटी, फोन, वेळ मोजते काय? त्यावरून कोणी ‘निष्क्रिय’ ठरविला जातो काय, आणि ठरविल्यास त्याला ऐकून घेण्याची सोय आहे काय? कर्मचारी म्हणून हक्क नाकारावयाचे आणि कर्मचाऱ्यापेक्षा कडक देखरेख ठेवावयाची, हा नव्या भांडवलाचा आवडता डाव आहे. बंगळुरूच्या रस्त्यांवर अन्न पोचविणाऱ्या तरुणांनी तो पुरता अनुभवला आहे.

लंडनच्या लॉइड्स बाजाराचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. तीनशे वर्षांहून अधिक जुन्या त्या बाजारात ब्रोकर आणि विमा उतरविणारे समोरासमोर बसून व्यवहार करीत आले. तेथील कागदी कामकाज डिजिटल करण्याची ‘ब्ल्यूप्रिंट टू’ ही योजना २०२० साली जाहीर झाली. तिच्या अंमलाची तारीख पुढे पुढे ढकलावी लागली. जगातील सर्वांत श्रीमंत विमा बाजाराचीही ही अवस्था होते, कारण ज्यांना रोज काम करावयाचे आहे त्या सर्वांची तयारी झाल्याशिवाय नवी व्यवस्था उभी राहत नाही. तेथील ब्रोकर बलाढ्य कंपन्या आहेत. त्यांच्यासाठी तारीख थांबते. बीडच्या किंवा बेळगावच्या एजंटासाठी ती थांबेल काय?

कमिशनचा प्रश्न आणि विमेदाराचे हित

येथे एका अवघड प्रश्नाला सामोरे गेले पाहिजे. एजंटाचे हित आणि विमेदाराचे हित नेहमी एकच असते असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दीर्घकाळ कायद्याने पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर ३५ टक्क्यांपर्यंत कमिशन देता येत असे आणि पुढील वर्षांत ते घटत ५ टक्क्यांवर येत असे. नव्या पॉलिसीत लाभ अधिक, जुनी सांभाळण्यात कमी. यातून चुकीच्या पॉलिसी गळ्यात मारल्या गेल्या, आणि पहिल्या हप्त्यातून सूट देण्याचा बेकायदा प्रघात पडला. कामगार चळवळीने या गोष्टींवर पांघरूण घालू नये.

१ ऑक्टोबर २०२४ पासून, पॉलिसी लवकर सोडणाऱ्यास अधिक रक्कम परत देण्याचे नवे नियम लागू झाले. त्याच वेळी महामंडळाने पहिल्या वर्षाचे कमिशन ३५ वरून २८ टक्क्यांवर आणले, नूतनीकरणाचे ५ वरून ७.५ टक्के केले, आणि अनेक योजनांतील किमान विमारक्कम एक लाखावरून दोन लाखांवर नेली. एजंटांच्या संघटनांनी देशभर निषेध केला. या बदलाकडे वर्गीय दृष्टीने पाहिल्यास दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. नूतनीकरणाचा वाटा वाढणे हे तत्त्वतः विमेदाराच्या हिताशी जुळणारे आहे. मात्र ज्या तरुण एजंटाचे जुने पुस्तकच नाही, त्याची पहिली काही वर्षे कशी जावीत याची तरतूद त्यासोबत असायला हवी होती. किमान रक्कम दुप्पट करणे ही मात्र सरळसरळ गरिबाला दाराबाहेर काढणारी गोष्ट आहे. घरकाम करणारी स्त्री, हमाल, शेतमजूर हे एक लाखाचाच विमा घेत होते. ॲप कितीही सुबक असले, तरी त्याच्या किमान रकमेच्या रकान्यात दोन लाखांखालील आकडा बसतच नसेल, तर तिच्यासाठी ते बंद दार आहे.

कर आणि कमिशन यांचा संबंधही असाच उद्बोधक आहे. जीवन व आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू-सेवा कर रद्द करावा, ही विमा कर्मचाऱ्यांची जुनी मागणी. नागपूरच्या विमा कर्मचारी संघटनेने दिलेल्या निवेदनाच्या आधारे जुलै २०२४ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीच अर्थमंत्र्यांना पत्र लिहिले, आणि हा प्रश्न देशभर गाजला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन व आरोग्य विमा करमुक्त झाला. चळवळीचा हा विजय होय. परंतु कर गेल्याने विमा कंपन्यांना खर्चावर भरलेल्या कराची वजावटही मिळेनाशी झाली, आणि अनेक कंपन्यांनी तो बोजा मध्यस्थांच्या कमिशनवर ढकलला. विमेदाराला मिळालेली सवलत भांडवलाने स्वतःच्या खिशातून नव्हे, एजंटाच्या खिशातून दिली.

माहिती कोणाची?

२०२४ साली स्टार हेल्थ या खासगी आरोग्यविमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती चोरीस गेली आणि टेलिग्रामवरून वाटली गेली. तीन कोटींहून अधिक लोकांची माहिती हाती असल्याचा दावा चोराने केला. आजार, औषधोपचार, पत्ते, ओळखपत्रे असा हा ऐवज असतो. एजंटाच्या वहीत शंभर-दोनशे घरांची गुपिते असत आणि ती गावाच्या लाजेने सुरक्षित राहत. सर्व्हरला लाज नसते; त्याला कायदा आणि शिस्त लागते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. व्यासपीठ उभारणारा कंत्राटदार आणि माहितीचा मालक यांत स्पष्ट भिंत असली पाहिजे. सार्वजनिक महामंडळाच्या विमेदारांची माहिती ही कोणत्याही खासगी कंपनीच्या प्रयोगाचा कच्चा माल होऊ शकत नाही.

विमा नियामकाने मार्च २०२४ मध्ये ‘बीमा सुगम’ या समाईक ऑनलाइन बाजारपेठेचे नियम जाहीर केले. सर्व कंपन्यांचा विमा एका ठिकाणी मिळावा, दावाही तेथेच करता यावा, आणि ही संस्था नफ्यासाठी नसावी, अशी तिची मांडणी आहे. ना-नफा हे तत्त्व स्वागतार्ह आहे. परंतु तिचे भागधारक विमा कंपन्याच. विमेदारांना, एजंटांना आणि कर्मचाऱ्यांना तिच्या कारभारात आवाज कोठे? ज्या बाजारपेठेत फक्त दुकानदारच पंच असतात, तेथे वजनमापे कोण तपासणार?

आजचे कार्य

साथींनो, या सर्व विवेचनातून काही कार्ये निष्पन्न होतात.

व्यासपीठाच्या रचनेपूर्वी आणि रचनेदरम्यान एजंटांच्या व कर्मचाऱ्यांच्या संघटनांशी औपचारिक सल्लामसलत बंधनकारक व्हावी. ती केवळ चाचणीसाठी काही निवडक ‘यशस्वी’ एजंट बोलावून होत नाही. छोट्या गावचा, वर्षाला दहा-बारा पॉलिसी करणारा एजंट आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या योजनेतील विमा सखी यांना तेथे जागा हवी. विमा सखीला पहिल्या वर्षी महिना ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये मिळतात. तीन वर्षांनंतर तिच्या हाती फक्त ते ॲप आणि कमिशन उरणार आहे. तिच्याइतका त्या ॲपशी निकटचा संबंध कोणाचा?

ॲपच्या आधारे घेतल्या जाणाऱ्या निर्णयांना कायद्याची चौकट हवी. कर्नाटकाने २०२५ साली प्लॅटफॉर्मवरील गिग कामगारांसाठी कायदा केला. स्वयंचलित देखरेखीची माहिती कामगारास द्यावी, लेखी कारण आणि १४ दिवसांची पूर्वसूचना दिल्याशिवाय त्याला काढू नये, व्यवहारामागे कल्याण निधी जमा व्हावा, अशी तत्त्वे त्यात आली. तो कायदा मुख्यतः प्रवासी वाहतूक, खाद्यपदार्थ आणि मालपोच अशा सेवांचा विचार करतो. ब्रोकर कंपन्यांच्या ॲपवर राबणाऱ्या पॉइंट ऑफ सेल्स व्यक्तीला त्याच तत्त्वांचे संरक्षण मिळावे, ही मागणी बंगळुरूतूनच उठली पाहिजे. एजंटांनी संघटित होऊन काय साध्य होते, याचे उदाहरण अलीकडचेच आहे : सप्टेंबर २०२३ मध्ये महामंडळाच्या एजंटांची ग्रॅच्युइटीची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाखांवर गेली आणि मुदत विम्याचे संरक्षण कमाल दहा हजारांवरून दीड लाखापर्यंत वाढले. हे दानधर्मातून आलेले नाही.

या शहरात आणखी एक दुवा जोडावयाचा आहे. जो तरुण अभियंता संगणकापुढे बसून एजंटाच्या पडद्यावरील यादीचा क्रम लिहितो, तोही श्रमिकच आहे. २०२४ साली कर्नाटक सरकारपुढे माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात दिवसाला १४ तासांपर्यंत काम करवून घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा २०१७ पासून कार्यरत असलेल्या कर्नाटक राज्य आयटी-आयटीईएस कर्मचारी संघटनेने रस्त्यावर येऊन त्याला विरोध केला. चौदा तास राबणारा अभियंता आणि रात्री नऊ वाजता शेतमजुराच्या दारात हप्ता मागणारा एजंट यांना एकमेकांचे नावही ठाऊक नसते. ॲपच्या एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरा. आपण जे लिहितो त्याने कोणाची मजुरी कापली जाते, हे अभियंत्याला कळले पाहिजे. आपल्याला छळणारा पडदा कोणत्या अटींखाली तयार होतो, हे एजंटाला कळले पाहिजे. बंगळुरूतील साथींना मराठी येते, कन्नड येते, आणि त्यांच्यापैकी कित्येकांना संगणकाची भाषाही येते. या दोन टोकांची भेट घडवून आणण्यास त्यांच्याहून अधिक योग्य कोण?

विमा म्हणजे अनेकांनी थोडेथोडे देऊन संकटात एकाला सावरणे. या सामुदायिक तत्त्वाचे भांडवलाने व्यापारात रूपांतर केले. १९५६ साली ते व्यापारातून अंशतः सोडवून घेतले गेले. आज तेच तत्त्व पुन्हा पडद्याच्या आड नेले जात आहे. नव्या व्यासपीठाचे आराखडे आत्ता लिहिले जात आहेत. रचना पूर्ण झाल्यावर तक्रार करण्यापेक्षा, रचना चालू असतानाच आपला शब्द तीत उमटविणे अधिक सोपे असते. शाखाशाखांतील एजंटांच्या बैठका, विमेदारांच्या सभा आणि अभियंत्यांची संघटना यांच्यातून त्या कामाला आरंभ व्हावा.